काळीवरचं घर

या, कुंपणापाशी या.
एजंट फोनवर आहे तोवर बोलून घेऊ.
मी स्योंबुआ. हे निळ्या पत्र्याचं माझं,
आठ वर्षं झाली.
तुम्ही ओवुओर. आणि ह्या? चेपकोएच. बरं.

त्यानं तुम्हाला जानेवारीत आणलंय.
जानेवारीत सगळीच घरं गुणी असतात.
एप्रिलात या.
गेटपासून इथवर बूट हातात घेऊन या.
ही काळी आहे, बाई.
हिच्यात पेरावं, हिच्यावर राहू नये.
पाणी प्याली की फुगते,
उन्हानं भेगाळते, आणि भेग
जमिनीपुरती थांबत नाही.
माझ्या बैठकीच्या भिंतीत एक आहे:
पहिल्या वर्षी नख जायचं,
आता वीस शिलिंगाचं नाणं जातं.
पाया मुरुमापर्यंत नेलाय, की वरच्यावर बसवलाय
हे एजंटला नका विचारू.
मुसेम्बी गवंडी दुपारी गेटाबाहेर चपाती खात बसतो,
त्याला चहा पाजा.

नळ बघितलेत? छान आहेत, चकचकीत.
उघडा एखादा.
ऐकलंत?
हा फुसफुसाट आम्ही आठ वर्षं ऐकतोय.
पाणी टँकरनं येतं, मंगळवारी,
म्हणजे कधीकधी गुरुवारी.
बोअरचं आहे, पण खारं. चहा नासल्यासारखा लागतो.
माझ्या धाकट्याचे दात त्या पाण्यानं तपकिरी झालेत,
तो फोटोत तोंड मिटून हसतो.

शहर पंचवीस मिनिटांवर, हे मात्र खरं.
रविवारी. पहाटे चारला.
माझा नवरा अंधारात जातो, अंधारात येतो,
आमच्याच कुत्र्यानं त्याला दोनदा चावलंय.

तो मोकळा तुकडा? नकाशात तिथं शाळा आहे.
आठ वर्षं ती
नकाशातच भरते.

कागद स्वतः जाऊन बघा. जमीन कचेरीत,
रांगेत उभं राहून, मूळ नंबर सांगून.
फाइल सापडत नाही म्हणाले
तर पैसे खिशातच ठेवा आणि पहिल्या मटाटूनं घरी जा.

आणि ते म्हातारे, लाल शालीतले, गाईंमागं चाललेले,
ते पारमुआत.
तुमचं स्वयंपाकघर जिथं आहे ना,
तिथून त्यांची पाण्यावर जायची वाट होती.
भांडत नाहीत. भिंतीपाशी येऊन
जरा वेळ थांबतात नुसते,
मग वळसा घालतात.
आधी इथं झेब्रेसुद्धा यायचे, अगदी दोरीवरच्या कपड्यांपर्यंत.
आम्हाला वाटायचं, केवढ्या लांब रानात आलो आपण राहायला.
मुलं टाळ्या पिटायची.
कितीतरी उशिरा कळलं,
ते पाहुणे नव्हते,
आम्हीच त्यांच्या वाटेत बसलो होतो.

फोन ठेवला त्यानं. येतोय. हसा जरा.

एक राहिलं.
हे घर तीन वर्षं रिकामं आहे.
वीज जाते तेव्हा नवरा अजून रस्त्यावरच असतो,
मी मुलांना घेऊन या बाजूच्या खिडकीशी बसते
आणि तुमच्या, म्हणजे त्या खिडकीकडे बघते.
तिथं कुणी मेणबत्ती लावलेली
मला अजून दिसलेली नाही.
मी सांगितलं ते तुम्ही पळून जावं म्हणून नव्हे.
मीठ संपलं तर हाक मारायला कुणीतरी लागतं.
अर्धा टँकर वाटून घ्यायलाही.

भाव मात्र पाडून घ्या.
त्याला भेग दाखवा.
इथं नाही सापडली
तर माझ्याकडे या, माझी दाखवा.